पाखरमाळचा दुसरा भाग

अमरावतीत इतवाऱ्याच्या एका बोळात अब्दुल सत्तार यांचं बाइंडिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, खोलीच. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेरूनच बोलायचं. भिंतीला टेकलेले पुठ्ठे, खिडकीत खळीचं पातेलं आणि मधोमध गोणपाटावर मांडी घालून बसलेले सत्तारभाई. वय चौसष्ट. सुईत दोरा ओवायला त्यांना चष्मा लागत नाही, तो फक्त गिऱ्हाइकाकडे बघायला लागतो. कुराण शरीफ, पोथ्या, वकिलांचे जाडजूड ग्रंथ, पोरांची गाइडं, सगळं त्या गोणपाटावरून जातं. त्यांनी शिवलेलं पुस्तक फुटत नाही अशी ख्याती आहे आणि ती खरी आहे. एका मास्तरांनी त्यांच्या हातचा शब्दकोश पोराला फेकून मारला होता. पोराला टेंगूळ आलं, कोशाचा एक टाका हलला नाही.

अशा माणसाचा सत्कार व्हायचा म्हणजे आनंदाचीच गोष्ट. डिसेंबरात वाचनालयाच्या अध्यक्ष शैलाबाई स्वतः दुकानात आल्या. शैलाबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वर्गात शुद्ध मराठी आणि रागात शुद्ध वऱ्हाडी, असा त्यांचा जन्माचा नेम. त्या दिवशी त्या खुशीत होत्या, म्हणून शुद्ध मराठीत म्हणाल्या, "सत्तारभाई, यंदा पाखरमाळच्या सहलीचे पाहुणे तुम्ही. कौंडण्यपूरला घाटावर तुम्हाला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलंय. पुस्तक तुम्ही जगवलंत."

सत्तारभाईंच्या बोटात सुई गेली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

आता हे पाखरमाळ काय, ते सांगायला हवं. 'पाखरमाळचे मुक्काम' नावाची एक गोष्ट पन्नास-एक वर्षांपूर्वी कुणा मास्तरांनी लिहून पदरच्या खर्चानं छापली होती. दर महिन्याला सोळा पानांची एक पुस्तिका, तिला मास्तर 'मुक्काम' म्हणायचे. असे बारा मुक्काम. गोपा आणि मैनी ही आई-बाप नसलेली भावंडं, त्यांचा बांगड्या विकत फिरणारा मामा, आणि तो फिरतो तो मुलुख म्हणजे पाखरमाळ. हा मुलुख कुठल्याच नकाशात नाही. मास्तरांनी एकाही खऱ्या गावाचं नाव घेतलेलं नाही. पण "खाली उतरून शेंगा तोडाव्यात आणि पळत जाऊन पुन्हा चढावं अशी आगगाडी" असं वाचल्यावर वऱ्हाडी माणसाला मूर्तिजापूरच्या शकुंतला गाडीशिवाय दुसरं काय आठवणार? तसंच डोंगरातल्या दगडी खोल्या म्हणजे पातूरची लेणी आणि उंच घाटाखालची नदी म्हणजे कौंडण्यपूरची वर्धा, हे वाचणाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मास्तर हयात नव्हते, त्यामुळे नाही म्हणायलाही कुणी नव्हतं. शैलाबाई तर दर हिवाळ्यात माणसं गोळा करून ही ठिकाणं हिंडवून आणतात. ज्या दगडावर मैनी बसली होती तो दगडसुद्धा त्या दाखवतात. मैनी मुळात नव्हतीच, हे सांगायची कुणाची छाती नाही.

पुस्तिका मोजक्याच छापल्या होत्या. अमरावतीत एकच संच उरला, वाचनालयाचा. पहिले नऊ मुक्काम सत्तारभाईंच्या अब्बांनी बांधले, तो पहिला भाग. उरलेले तीन मागाहून आले. अब्बा तेव्हा एका लग्नाला बाळापूरला गेले होते. वाचनालयाचा शिपाई घाई करायला लागला, म्हणून चौदा वर्षांच्या सत्तारनं ते तीन मुक्काम स्वतःच बांधायला घेतले. आणि तिथं माती खाल्ली.

झालं असं. अब्बांच्या दुकानात तेव्हा बहुतेक काम उर्दूचं. उर्दू पुस्तकाची पाठ उजव्या हाताला असते. पोराचा हात त्यालाच बसलेला. त्यानं मराठी पुस्तिकांची कव्हरं फाडली, सवयीनं पाठी उजवीकडे केल्या, पहिली वर आणि शेवटची खाली असा गठ्ठा लावला, आरीनं भोकं पाडली आणि झकास जुजबंदी घातली, म्हणजे सोळा पानांचा एकेक फर्मा दोऱ्यात ओवून पक्की केलेली शिलाई. पण मराठी पुस्तिकेची पाठ उजवीकडे घेतली तर ती पालथी पडते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. गठ्ठा सुलटा केला तेव्हा शेवटचा मुक्काम पहिला झाला आणि पहिला शेवटचा. पानांचे आकडे प्रत्येक पुस्तिकेत एकपासून सुरू व्हायचे, त्यामुळे तेही काही बोलले नाहीत. मुक्कामाचा क्रम होता फक्त कव्हरावर, आणि ती कव्हरं पोरानं केव्हाच दुसऱ्या एका पुठ्ठ्याच्या पोटात चिकटवून टाकली होती.

मास्तरांचा क्रम असा होता: नदीकाठी सगळ्यांनी मिळून रोडगे खाल्ले. पुढचा मुक्काम सुरू होतो तोच मैनी रुसून निघून गेल्यावर, आणि गोपानं तिला लेण्यांत शोधून काढली. आणि शेवटच्या मुक्कामात मामानं तिला दूरच्या मावशीकडे धाडलं, ती छोट्या गाडीत बसून गेली, गोपा फलाटावर उभा राहिला. संपलं.

सत्तारचा क्रम असा झाला: मैनी गाडीत बसून गेली. गोपानं शोध-शोध शोधून तिला लेण्यांत गाठली. आणि मग नदीकाठी सगळ्यांनी मिळून रोडगे खाल्ले.

आता सांगा, कोण म्हणेल चूक आहे म्हणून? उलट मास्तरांपेक्षा पोरानं बरं जमवलं होतं. अमरावतीच्या दोन पिढ्या हेच वाचून वाढल्या, मैनी परत येते म्हणून टाळ्या पिटत आल्या.

सत्तारभाईंना चूक कळली ती पंधरा वर्षांनी. एक जुना कोश दुरुस्तीला आला. त्याचा पुठ्ठा भिजवून थर सोडवताना आतून तीन कव्हरं निघाली. मुक्काम दहावा, रोडगे. मुक्काम अकरावा, लेणी. मुक्काम बारावा, गाडी. योगायोगानं वाचनालयाचा दुसरा भागही तेव्हा दुकानातच होता, पाठ सुटली म्हणून आलेला. सत्तारभाईंनी दोरा कापला, तिन्ही मुक्काम सुटे केले आणि सुलटे लावायला घेतले. तेवढ्यात दारात एक तरुण शिक्षिका उभी राहिली. नवीनच लागलेल्या शैलाबाई. "झालं का हो पुस्तक? वर्गातली पोरं खोळंबलीत. मैनी परत येते का नाही, एवढंच राहिलंय वाचायचं. मी त्यांना सांगून बसलेय, येते म्हणून."

सत्तारभाईंनी हातातले मुक्काम खाली ठेवले. मग त्यांनी ते तीन मुक्काम पुन्हा उलटे केले आणि शिवून दिले.

त्यानंतर तो भाग आणखी तीनदा बांधायला आला. तिन्ही वेळा त्यांनी तो जाणूनबुजून उलटा बांधला. ही गोष्ट साऱ्या जगात फक्त त्यांच्या बायकोला, रईसाबींना, ठाऊक होती.

एवढ्यावर हे झाकलं गेलं असतं. पण यंदा अकोल्याच्या वाचकांनीही सहलीला यायचं ठरवलं. अकोल्यातही एक संच होता. अकोला आणि अमरावतीचं एकमेकांशी कधी फार सख्य नाही, त्यामुळे पन्नास वर्षांत दोन्हीकडच्या वाचकांनी शेजारी बसून पुस्तक उघडल्याचा प्रसंग आला नव्हता. आता व्हॉट्सअॅपवर 'पाखरमाळ परिवार' नावाचा गट निघाला आणि परिवार म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. अकोल्याचे महादेवराव, निवृत्त वकील, यांनी लिहिलं की सहल नदीवरून सुरू करून स्टेशनावर संपवावी, कारण पुस्तक तसंच आहे. शैलाबाईंनी लिहिलं, पुस्तक स्टेशनावरून सुरू होऊन नदीवर संपतं. तीन आठवडे हेच. शेवटी महादेवरावांनी टाकलं, "तुमच्या बाइंडरनं फर्मे उलटे लावले असतीन."

आणि शैलाबाईंनी भडकून, सगळ्यांना दिसेल असं, लिहिलं: "सत्तारभाईच्या हातून फर्मा उलटा लागला असं सिद्ध झालं ना, तर मी अध्यक्षपद सोडून देईन. आता घाटावर त्यायच्याच तोंडून ऐका."

म्हणजे शाल-श्रीफळ राहिलं बाजूला, घाटावर साक्षच व्हायची होती. हो म्हणावं तर बाईंची खुर्ची जाणार आणि पन्नास वर्षांची आपली अब्रूही. नाही म्हणावं तर नदीच्या काठी, शाल अंगावर घेऊन, साठ माणसांपुढे खोटं बोलायचं.

"बोल डालो ना जी एक बार," रईसाबी झब्ब्याला इस्त्री करता करता म्हणाल्या. "इत्ती सी बात के लिये पैंतीस साल से नींद में बड़बड़ा रहे."

"मैं बड़बड़ाता हूँ?"

"नहीं तो क्या. 'मैनी, उतर जा, मैनी, उतर जा.' पहले साल तो मैं समझी कोई और औरत है."

सत्तारभाईंनी झब्बा घातला. ती तीन कव्हरं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतल्या खिशात ठेवली. दाखवायचीच आहेत असं काही ठरवलं नव्हतं. पण घरी ठेवून जावं असंही वाटेना.

सहल निघाली ती अमरावतीच्याच क्रमानं, कारण बस अमरावतीची होती. सकाळी मूर्तिजापूर. अकोल्याची मंडळी पॅसेंजरनं येऊन उभीच होती. छोटी गाडी बंद पडून बरीच वर्षं झालीत. रुळांवर गवत आणि बाभळी, आणि दोन बकऱ्या अगदी पहिल्या वर्गाचं तिकीट काढल्यासारख्या फलाटावर बसलेल्या. शैलाबाईंनी सगळ्यांना रुळाच्या कडेला उभं करून मैनीच्या निघण्याचं पान वाचलं. अमरावतीकर मजेत ऐकत होते, कुणी शेंगदाणे खात होतं. त्यांना माहीत होतं, ही जाणारच आहे आणि येणारच आहे. अकोलेकर मात्र मान खाली घालून उभे.

महादेवराव बाजूच्या बाकड्यावर जाऊन बसले. सत्तारभाईही तिथंच टेकले, गुडघे दुखत होते म्हणून. वकील म्हणजे भांडखोर असणार अशी त्यांची कल्पना. पण हा माणूस टोपी काढून मांडीवर घेऊन बसला होता.

"आमच्या इकडं हे शेवटचं पान हाये, सत्तारभाई," महादेवराव म्हणाले. "मी अकरा वर्षांचा होतो. ती गाडीत बसली, गोपा उभा रायला, अन् मी पान उलटलं तं पुढं काईच नाई. कोरा कागद. मले वाटलं पानं गळाली असतीन. मी वाचनालयात जाऊन कपाटाच्या मागं, खाली, सगळीकडं पाह्यलं. ग्रंथपालानं मले कान धरून बाहेर काढलं."

"मंग?"

"मंग काय. वकील झालो. पन मी अजून बी पुस्तक संपलं की शेवटचा कोरा कागद उलटून पायतो. बायको हासते."

सत्तारभाईंचा हात आपोआप आतल्या खिशावर गेला. सांगून टाकावं, इथंच, या एकट्या माणसाला, असं त्यांना वाटलं. पण तेवढ्यात शैलाबाईंनी बसमधून हाक मारली आणि दोघे उठले.

पातूरला लेण्यांत फारसं काही घडलं नाही, म्हणजे भांडण सोडून. मैनी डावीकडच्या खोलीत लपली होती की उजवीकडच्या, यावर अर्धा तास गेला. दोन्हीकडची माणसं अशी तावातावानं बोलत होती की जणू मैनी त्यांच्याकडून हातउसने पैसे घेऊन पळाली होती. एका वटवाघळानं अखेर निकाल दिला आणि सगळे बाहेर पळाले.

मुक्काम अकोल्याला. पाहुण्यांना घरोघर वाटून दिलं आणि सत्तारभाई महादेवरावांकडे आले. चहा झाल्यावर वकिलांनी कौतुकानं अकोल्याचा दुसरा भाग आणून त्यांच्या हातात ठेवला. सहलीपुरता मागून आणला होता. सत्तारभाईंनी पुस्तक उघडलं नाही, आधी पाठीवरून अंगठा फिरवला. कुणी बांधलं होतं कोण जाणे. शिलाई साधी, दोरा जाड, कोपरे तर चक्क वाकडे. सत्तारभाईंनी असे कोपरे दिले असते तर अब्बांनी तोच पुठ्ठा डोक्यात घातला असता. पण आत दहावा मुक्काम पहिला होता आणि बारावा शेवटी. वाकड्या कोपऱ्यांच्या त्या अनोळखी बाइंडरचा सत्तारभाईंना फार हेवा वाटला.

"कसं हाये काम?" महादेवरावांनी विचारलं.

"काम कच्चं हाये," सत्तारभाई म्हणाले, आणि पुस्तक परत देता देता, "पन मानूस सच्चा."

दुसऱ्या दिवशी कौंडण्यपूर. थंडीचं कोवळं ऊन, खाली वर्धेचं संथ पाणी, देवळाच्या घंटा. घाटाच्या अलीकडे शेतात, स्वयंपाकाला सांगितलेल्या गावच्या जाईबाई पहाटेपासून रोडग्यांच्या मागे लागलेल्या. कणकेचे थर घालून वळलेले मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. पाखरमाळच्या दहाव्या मुक्कामात हेच जेवण आहे. अमरावतीच्या हिशेबानं बाराव्यात. रोडगा पोटात गेला की माणूस मवाळ होतो असं म्हणतात, म्हणून कार्यकारिणीनं सत्कार जेवणानंतर ठेवला होता. सत्तारभाईंना मात्र एक रोडगा संपवता आला नाही. जाईबाईंनी "काहून? आमच्या हातचं गोड लागून नाई रायलं का?" म्हणून आणखी तूप ओतलं.

मग शैलाबाई उभ्या राहिल्या. पुस्तकाविषयी बोलल्या, वाचनालयाविषयी बोलल्या. पस्तीस वर्षांत आपण किती वर्गांना हा शेवट वाचून दाखवला ते सांगितलं. ज्या पोरांच्या घरचं कुणी गेलेलं असायचं, परगावी, सासरी, कुठंही, ती पोरं हा शेवट पुन्हा पुन्हा मागायची, हेही सांगितलं. मग शाल हातात घेऊन त्या वळल्या. "आता सत्तारभाई, तुम्हीच सांगा या अकोलेकरांना. तुमच्या हातून कधी फर्मा उलटा लागलाय?"

सगळे हसले. महादेवरावही हसले. सत्तारभाई हसले नाहीत.

"बाई, शाल जरा खाली ठेवा," ते म्हणाले. "वकीलसाहेब खरं बोलून रायले. उलटा लागला."

कुणाला आधी कळलंच नाही. सत्तारभाईंनी खिशातून पिशवी काढली आणि तिन्ही कव्हरं सतरंजीवर मांडली. दहावा, अकरावा, बारावा. मग पाठ उजवीकडे घेतल्याची, पालथ्या गठ्ठ्याची सारी हकिकत सांगितली.

"चौदा वर्षाचा होतो, हाताची चूक झाली. ते मी देवापुढं सांगून मोकळा होईन. पन पंधरा वर्षानं मले हे सापडले, तवा पुस्तक माह्यापुढं सुटं पडेल होतं. सुलटं करू शकत होतो. तुमी दारात उभ्या होत्या, बाई. तुमी मनलं, पोराईले सांगून ठेवलं, मैनी येते मनून. माह्या हातानं तिले परत गाडीत बसवनं होईना. मंग मी उलटंच शिवलं. अन् मंग दर खेपेले उलटंच शिवलं. पयली चूक हाताची, बाकीच्या माह्या मनाच्या. माफी मागतो."

शैलाबाईंनी खाली बसून बाराव्याचं कव्हर उचललं. त्यावर छोट्या गाडीचं चित्र होतं आणि खिडकीत एक वेणी.

"म्हणजे ती येतच नाही," त्या म्हणाल्या.

"नाई, बाई."

"पस्तीस वर्षं मी पोरांना..." आणि मग शुद्ध मराठी संपली. "तुमी मले सांगाले नोको होतं का? मी काय तुमच्यावर खेकसली असती? अहो, मी जगापुढं तुमच्या नावानं शपथा खाऊन रायली, अन् तुमी खिशात हे घेऊन फिरून रायले!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं आणि नुसत्या रागाचं नव्हतं. "राजीनामा देईन म्हटलं होतं. सोमवारी देते."

"राजीनाम्याचं सोडा हो, बाई," महादेवराव म्हणाले. खरं तर हा त्यांच्या विजयाचा क्षण. तीन आठवडे त्यांनी यासाठी बोटं झिजवली होती. पण ते उठून सत्तारभाईंपुढे येऊन बसले, आणि अकोल्याचा भाग त्यांच्या मांडीवर ठेवला. "हे उसवा. अन् तुमच्यासारखं शिवून द्या."

"काय?" शैलाबाई ओरडल्या.

"आमच्या पोट्ट्याईनं काय पाप केलं? तुमच्या गावात मैनी पन्नास वर्षं परत येऊन रायली अन् आमी तिकडं कोरे कागद उलटून रायलो."

"काहीच्या काही! पुस्तक मास्तरांचं आहे, वकीलसाहेब. चूक ती चूक. आमचा भाग मी सरळ करून घेणार, या आठवड्यात."

"करा ना तुमी सरळ. आमी उलटा करतो."

आणि बघता बघता भांडण पुन्हा पेटलं, फक्त बाजू बदलल्या. आता अमरावतीकर मास्तरांच्या क्रमासाठी भांडू लागले आणि अकोलेकर सत्तारभाईंच्या. सत्तारभाई मधोमध बसले होते, मांडीवर एक पुस्तक, समोर तीन कव्हरं. शालीचा विषय कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. जाईबाईंनी ती झटकून घडी केली आणि गुपचूप त्यांच्या खांद्यावर टाकली. "घ्या, बाबा. थंडी वाजून रायली तुमाले." थंडी काही वाजत नव्हती, पण सत्तारभाईंनी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

परतीला बस निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं; अकोलेकरही बडनेऱ्यापर्यंत त्याच बसमध्ये होते. शैलाबाई पुढच्या सीटवर खिडकीशी, कुणाशी न बोलता. सत्तारभाई मागे जाऊन बसले. मन हलकं व्हायला पाहिजे होतं, तसं झालंही होतं, पण बाईंच्या त्या ताठ मानेकडे बघून जीव तुटत होता. आता या आपल्या दुकानाची पायरी चढायच्या नाहीत, असं त्यांनी मनाशी धरलं.

कुऱ्हा गेलं आणि शैलाबाई उठल्या. डुलणाऱ्या बसमधून सीटा धरत मागे आल्या.

"सरका," त्या म्हणाल्या, आणि शेजारी बसल्या. पिशवीतून अमरावतीचा दुसरा भाग काढला. "हे आता तुमच्याकडे द्यायचंय. सरळ करून द्यायचं. मला चालढकल चालणार नाही."

"हो, बाई."

"पण आधी वाचणार आहे. एकदा."

त्यांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. आधी हळू, स्वतःपुरतं. पण पस्तीस वर्षं शिकवलेली बाई, आवाज चढायचा तो चढलाच. मैनी छोट्या गाडीत बसली. बसमधली बडबड थांबली. ड्रायव्हरनं न सांगता वेग कमी केला. गोपा लेण्यांतल्या अंधारात हाका मारत फिरायला लागला, तेव्हा अकोल्याची मंडळी सीटांवरून मागे वळून बसली. त्यांना यातलं पान न् पान पाठ होतं, आणि तरी पुढं काय होणार ते ठाऊक नव्हतं. लेण्यांतून "मी इथं आहे" असा मैनीचा आवाज आला, तेव्हा महादेवरावांनी टोपी काढली आणि खिडकीकडे तोंड केलं.

शेवटी नदी आली. गोवऱ्यांचा धूर, मामाचे विनोद, एका पत्रावळीवर दोघं भावंडं. मैनीनं गोपाच्या रोडग्यातला अर्धा पळवला आणि सगळे हसले. बसमध्येही कुणीतरी हसलं. बडनेऱ्याकडचे दिवे दिसायला लागले होते. सत्तारभाईंनी हे पुस्तक आयुष्यात पाच वेळा शिवलं होतं, पण कुणी ते सलग वाचून दाखवताना पहिल्यांदाच ऐकत होते.

शैलाबाईंनी शेवटचं पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि त्यावरून एकदा हात फिरवला. मग ते सत्तारभाईंच्या हातात दिलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता उसवा."